जनरेटर कुठला घ्यावा

"…आणि मध्येच बंद पडलं तर?"

हा प्रश्न मनोहररावांनी विचारला होता की नेमराजबाबांनी, हे आता मला खात्रीनं सांगता येत नाही. आयुष्यभर मी जुन्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहिले. कुठला शब्द लेखकाचा आणि कुठला नकलकाराचा, हे विद्यार्थ्यांना शिकवलं. स्वतःच्या आठवणीपुढे मात्र ती विद्या लंगडी पडते.

बहुतेक प्रश्न मनोहररावांचाच असावा. त्या दिवसांत ते दुसरं काही विचारतच नसत.

मनोहरराव इंगोले म्हणजे माझे मेहुणे, धाकट्या बहिणीचे, विमलचे यजमान. वीजकेंद्रातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांनी जीपमागे ओढायचा एक ट्रेलर बांधून घेतला होता. आत दोन बिछाने, शेगडी, मोरी, छोटा एसी. विमलला तरुणपणी संन्यास घेऊन अटनाला निघायचं होतं. महानुभाव साधू गावोगाव फिरतात, एका जागी रमत नाहीत, तसं. घरच्यांनी लग्न लावून दिलं. आता पासष्टीला आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं होतं, संन्यास राहू दे, निदान फिरव.

पण झोपेत तिचा श्वास अडायचा. रात्री नाकावर मुखवटा बांधून एक यंत्र तिला हवा द्यायचं, आणि त्या यंत्राला वीज लागायची.

म्हणून जनरेटर. आणि जनरेटर ठरत नव्हता म्हणून ट्रेलर वर्षभर अंगणात उभा होता.

शेवटी विमलच म्हणाली, "आश्रमात नेमराजबाबांकडे जाऊ. ते सांगतील तो घ्यायचा आणि तिथूनच पुढे निघायचं. ही थंडी गेली की मी निघत नाही. पुढच्या थंडीत मी असेन का, तेही माहीत नाही."

ट्रेलर जीपला जोडून आम्ही निघालो. मला सोबत नेलं ते का, कुणास ठाऊक. बहुधा साक्षीदार म्हणून.

मेळघाटाच्या पायथ्याशी बाबांचा आश्रम होता. बाबा ऐंशीच्या पुढचे. पायानं सगळा मुलूख तुडवलेला माणूस, आता गुडघ्यांमुळे लिंबाखालच्या ओट्यावर बसून असायचे.

आम्ही दंडवत घातला.

मनोहररावांनी दुकानातून पारखायला म्हणून दोन जनरेटर आणले होते. एक मोठा, चाकांचा, ढकलत न्यायचा. दुसरा हातात धरायच्या पेटीएवढा. दोन्ही त्यांनी ओट्यापुढे मांडले.

"बाबा, मोठ्यावर एसीसुद्धा चालतो. रात्रभर चालवला तरी दमणार नाही. लहान्यावर फक्त दिवसा बॅटरी भरून घ्यायची आणि रात्री यंत्र बॅटरीवर चालवायचं. दुकानदार म्हणतो, मोठा घ्या साहेब, निश्चिंत राहा."

"मग घे ना."

"घेतो. पण… लोक म्हणतात, अटनाला निघालात आणि एवढा लवाजमा?"

बाबा हसले. "लोक नाकानं श्वास घेतेत. हिले यंत्र लागते. यंत्र तर पाहिजेच."

मनोहररावांना हे अपेक्षित नव्हतं. साधू माणूस यंत्राविरुद्ध बोलेल, आपण मुद्देसूद उत्तर देऊ, अशी त्यांची तयारी होती. ती वाया गेली.

"पण मग लहान्यात काय खोट हाय?"

"खोट नाही. भीती आहे. बॅटरी आवाज करत नाही, बाबा. भरलेली असो की संपत आलेली, ती गप्पच असते. मोठा निदान गरजत असतो. आवाज येतोय तोवर मला कळतं की वीज आहे."

"आन तू काय करत असते तवर?"

"जागा असतो."

"रात्रभर?"

विमल मध्ये बोलली. "रात्रभर. अंगणात दोनदा राहून पाहिलं आम्ही. हे बिछान्यावर बसून त्याचा आवाज ऐकतात आणि सकाळी गाडी चालवायला बसतात. बाबा, मी काही श्वास अडून मरायची नाही. यांना डुलकी लागेल आणि घाटात जाऊ आम्ही दोघं."

"डुलकी कधी लागली मला?"

"परतवाड्याच्या नाक्यावर."

"ती डुलकी नव्हती. डोळे चुरचुरत होते."

बाबा दोघांकडे पाहत राहिले. तेवढ्यात आश्रमातल्या तपस्विनी कमळाबाई ताक घेऊन आल्या. ताक पिऊन झालं.

"माय," बाबा विमलला म्हणाले, "प्रवासानं थकली असशील. जाय, तुह्या त्या चाकावरच्या खोलीत नीज घडीभर. मुखवटा लाव. बापू, तुह्या मनासारखा मोठा चालू कर."

ऊन कलायला लागलं होतं. मनोहररावांनी सगळं शिस्तीत केलं. धूर आत जाऊ नये म्हणून मोठा जनरेटर वाऱ्याच्या खालच्या अंगाला लांब ठेवला, तिथून ट्रेलरपर्यंत वायर ओढली. दोरी खेचली. लिंबावरचे पोपट उडून गेले.

आत विमल आडवी झाली. थकलेली होती, लवकरच झोपली.

बाबा काठी टेकत, माझ्या खांद्याला धरून ट्रेलरपर्यंत आले. पायरीवर बसले. शेजारी मनोहररावांना बसवलं. मी दाराशी उभा राहिलो.

"बापू," बाबांना मोठ्यानं बोलावं लागलं, "हिचा श्वास कसा चालला हाय, सांग मले."

मनोहररावांनी मान आत घातली. कान पुढे केला. बराच वेळ तसेच राहिले.

"ऐकू येत नाही, बाबा. या आवाजात कसं ऐकू येणार?"

"मग रात्री येते?"

"…नाही."

"मग तू रात्रभर ऐकते काय?"

दूर जनरेटर गरजत होता. मला मनोहररावांकडे बघवेना. मी पायऱ्यांकडे पाहत राहिलो.

"जनरेटर," ते अखेर म्हणाले.

"हं."

बाबांनी काठी उचलून माझ्याकडे केली आणि जनरेटरच्या दिशेनं दाखवली. मला कळलं. कळ शोधायला मला वेळ लागला, असलं काही मी कधी हाताळलं नव्हतं. मागून मनोहररावांचा आवाज आला, "दादा, नका. ती झोपलीय."

मी कळ दाबली.

हे मी केलं याचं मला अजून नवल वाटतं. मी भित्रा माणूस आहे.

गरज थांबली. मनोहरराव उठून आत धावणार होते. बाबांनी त्यांचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात एवढं बळ असेल असं वाटलं नव्हतं.

"बॅटरी हाय ना आत?"

"आहे. आपोआप चालू होते. पण—"

"तूच बसवली?"

"मीच."

"मग बस."

ते बसले. अर्धवट, पायरीच्या कडेवर. मी परत येऊन शेजारी टेकलो.

आधी काहीच ऐकू आलं नाही. कानात जनरेटरचा घुमारा राहिला होता. मग कुठेतरी कोंबडी. मग मुखवट्यातून जाणाऱ्या हवेची बारीक सळसळ. आणि तिच्याखाली, अगदी खाली…

श्वास.

तो आत गेला. बाहेर आला. परत आत गेला. एकदा जरा अडखळला. मनोहररावांचे खांदे वर चढले. यंत्रानं हवा लोटली, श्वास पुढे चालू झाला. खांदे सावकाश खाली आले.

बाबांनी त्यांचं मनगट सोडलं. ते उठले नाहीत.

आम्ही तिघं तसेच बसलो होतो. उन्हं ओट्यावरून उतरली. पोपट परतले. मनोहरराव डोळे मिटून ऐकत होते, आणि त्यांचा स्वतःचा श्वास कधी तिच्या चालीनं चालायला लागला, ते त्यांना कळलं नसावं. मला कळलं. की हे मी नंतर मनात जोडलं? सांगता येत नाही.

"चाळीस वर्षं झाली लग्नाला," ते डोळे न उघडता म्हणाले. "हिचा श्वास असा कधी…"

शेवटी मीच विचारलं. कुणीतरी विचारायला हवंच होतं.

"बाबा, मग कुठला घ्यावा?"

बाबा काठीवर जोर देऊन उठायला लागले.

"ज्याले निजवता येईल तो."

त्या संध्याकाळी मनोहररावांनी लहान जनरेटर लावून बॅटरी भरून घेतली आणि दिवेलागणीला तो बंद केला. नक्की बंद झाला ना, म्हणून पुन्हा एकदा जाऊन पाहिलं. सकाळी मी उठलो तेव्हा ते अंगणात तोंड धूत होते, चेहरा सुजलेला, झोप झालेल्या माणसासारखा. मोठा जनरेटर त्यांनी माझ्या स्वाधीन केला, दुकानात परत द्यायला. विमल जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलीसुद्धा होती.

"दादा, आईला सांगू नकोस हं, मी अखेर पळून गेले ते," ती म्हणाली. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

ते गेले. त्या थंडीत ते कुठे कुठे गेले, ते विमलनं मला पुढे फोनवर सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

आश्रमातल्या त्या रात्रीबद्दल एक गोष्ट मात्र मला उडत उडत कळली होती. ऐकीव पाठ मी कधी प्रमाण मानला नाही, म्हणून ती कुणाला सांगितली नाही. बाबा गेल्यावर काही वर्षांनी मी मुद्दाम तिथे जाऊन कमळाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, होय, खरं आहे. पहाटे त्या गरम पाणी घेऊन निघाल्या, तेव्हा बाबा घोंगडी पांघरून ट्रेलरच्या पायरीवर बसलेले होते. आत दोघंही झोपेत होते.

"बाबा, रात्रभर इथंच?" असं त्यांनी विचारलं.

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. आज ऐकायची पाळी माही हाय."