मुळी आणताना ओ द्यावी

पहिल्यांदा खटकलं ते इतकंच, की कोणी हाक मारली नव्हती आणि आमच्या पुढे चालणारी ढवळाबाई "ओ" म्हणाली.

मी दचकून मागे पाहिलं. आम्ही आलो होतो ती पायवाट, दोन्हीकडे कारवी आणि दरीतून वर चढणारं धुकं. बाकी कोणी नाही. ढवळाबाईच्या मुठीत पळसाच्या पानात गुंडाळलेली, नुकतीच खणलेली मुळी होती. थोडं पुढे जाऊन ती पुन्हा म्हणाली, "ओ, आले गं." आवाज अगदी घरगुती, जणू ओसरीवरून शेजारणीला उत्तर देत होती.

वनस्पतिशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी या डोंगरातली बरीच गावं हिंडले होते. औषधाची मुळी आणण्याची रीत सगळीकडे साधारण एकच ऐकली होती. आदल्या संध्याकाळी झाडापाशी सुपारी-तांदूळ ठेवून आवतण द्यायचं, 'उद्या न्यायला येतो' म्हणायचं. पहाटे अंघोळ करून निघायचं, लोखंड न लावता लाकडाच्या खुंटीनं खणायचं, आणि तिथून आजाऱ्याच्या अंगाला मुळी लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललं की मुळीचं लाकूड होतं. मग ही बाई रिकाम्या रानाला ओ का देत होती?

वाट दाखवायला वाडीतले सगळ्यात वयस्क कोंडाजीबाबा आमच्यासोबत होते. माझा चेहरा बघून ते हसले. "कॉलेजात शिकली तरी काळीज सशाचंच. भिऊ नको पोरी. डोंगराच्या ह्या उतरत्या धारेला हाकेची सोंड म्हणत्यात. हितली रीत उलटी हाय."

ढवळाबाई थांबली नाही. घरी तिचा नातू तापानं फणफणत होता. ती उतरून दिसेनाशी झाली आणि आम्ही एका खडकावर टेकलो. मी मुळीचं नाव विचारलं.

"नाव सांगितलं तर उद्या तुमच्या कॉलेजची गाडी पोती घेऊन यायची," बाबा म्हणाले. आणि नावाऐवजी त्यांनी ही हकिकत सांगितली.

फार पूर्वी, वाडीत मोजकीच घरं होती तेव्हा, नवसू नावाचा एक जाणता होता असं सांगतात. जाणता म्हणजे झाडपाला ओळखणारा, औषध देणारा. त्याच्या हाताला गुण होता, आणि तो गुण मौनातून येतो असं तो स्वतःही मानत असे आणि गावही. मुळी आणताना त्याला एकदा गांधीलमाश्यांनी फोडून काढलं, तरी त्यानं हूं की चूं केलं नाही म्हणे. तो सोंडेवरून उतरायला लागला की लोक घरांची दारं लावून घेत, रडत्या पोरांच्या तोंडावर हात ठेवत. कारण मुळी आणणाऱ्याचं तोंड उघडायला चकवा टपलेला असतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रानात वाट चुकवणारं ते भूत परक्या आवाजात बोलावत नाही. घरच्याच माणसाच्या आवाजात हाक मारतं.

नवसूची लेक ठकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आई आधीच गेलेली. नवसूची बहीण राही, म्हणजे ठकीची आत्या, तिचं सगळं बघायची. पावसाळ्याचे दिवस होते. ठकीला कळा लागल्या त्या अडूनच राहिल्या. नवसूनं संध्याकाळी मुळीला आवतण दिलं आणि फटफटायच्या आत डोंगराची वाट धरली. निघताना लेकीला म्हणाला, "मी येईस्तवर खाटंवरनं हलू नको." तो गेल्यावर राही सुईणीला आणायला पलीकडच्या वाडीला धावली.

घरात ठकी एकटी उरली. कळ चढली तशी ती घाबरली, उठली, आणि बापाच्या वाटेनं सोंड चढू लागली.

"का उठली पण?" मी विचारलं. "सांगितलं होतं ना हलू नको म्हणून."

"भ्यालेल्या माणसाला वाट बघता येत न्हाई," बाबा म्हणाले. "तुला ठावं असंल."

धुक्यात तिचा पाय निसटला आणि वाटेखालच्या घळीत ती पडली. उठता येईना. थोड्या वेळानं वरच्या अंगाला पावलं वाजली. बापाची चाल तिला ओळखू आली.

"बा," तिनं हाक मारली. "बा, मी हितं हाय."

नवसूनं ती ऐकली. आवाज लेकीचा होता. पण लेक तर घरी खाटेवर होती, तिला तो स्वतः निजवून आला होता. आवाज जितका ठकीचा वाटू लागला, तितकी त्याची खात्री पटत गेली, की हा चकवाच. त्यानं मूठ आवळली, दातात ओठ धरला आणि पाय उचलला. हाक खाली वाडीतही पोचली म्हणे. दारामागे बसलेली एक बाई दुसरीच्या कानाशी लागली, "कसा हुबेहूब आवाज काढतोय मेला." दार कोणी उघडलं नाही.

नवसू घरी पोचला. चकव्याला हरवून आलो, या समाधानात त्यानं उंबरा ओलांडला. खाट रिकामी होती.

मला राहवेना. "तेव्हा तरी त्यानं हाक मारली ना?"

"न्हाई," बाबा म्हणाले. "मुळी हातात व्हती ना."

ती मुळी तिच्याचसाठी होती. बोललो तर मुळी जाईल, मुळी गेली तर लेक जाईल, असा त्याचा हिशेब. तो तसाच मुका परत सोंडेवर धावला. धुक्यात आवाज कुठून येतो ते समजत नाही. इकडून आला वाटावं तर तो पलीकडच्या कड्याला आपटून आलेला असतो. अशा वेळी डोंगरातला माणूस ओ देतो, विचारतो, पुन्हा ऐकतो, आणि असं करत करत हाकेपाशी पोचतो. नवसू ओ न देता वर-खाली धावत राहिला. ठकीच्या हाका चालू होत्या. मग त्यातलं 'मी हितं हाय' गेलं आणि नुसतं 'बा' उरलं. मग तेही थांबलं.

ऊन आल्यावर राही आणि सुईण त्या वाटेनं परतल्या, तेव्हा त्यांना ठकी दिसली. वाटेपासून इतकी जवळ, की वरून काठी पुढे केली असती तर तिच्या हाताला लागली असती. त्यांचा आक्रोश ऐकून नवसू आला आणि घळीत उतरला. त्यानं मुळी तिच्या कपाळाला लावली आणि मगच तोंड उघडलं. काय बोलला ते वाडीत कोणी सांगत नाही.

मला वाटलं गोष्ट इथे संपली. पण बाबांच्या मते खरं वाईट यापुढेच घडलं.

वाडीनं सगळा दोष चकव्यावर घातला. चकव्यानंच पोरीला घराबाहेर काढली, असं ठरलं. नवसू म्हणायचा, "मी बोललो असतो तर मुळी वाया गेली असती. पोर तशीबी गेलीच असती." लोक मान डोलवत. त्यांच्याही दारांना त्या सकाळी कड्या होत्या. पुढे धुकं उतरलं की मुळी आणणाऱ्याला त्या घळीपाशी हाक ऐकू येऊ लागली म्हणे. 'बा, मी हितं हाय.' जो तो ऐके आणि ओठ मिटून घरी येई. आणलेल्या मुळीला गुण येईना. ताप उतरेनात, जखमा भरेनात. तरी गप्प राहण्याची रीत कोणी मोडेना. ओ दिली असती तर ती ठकी होती, हे कबूल करावं लागलं असतं.

एकटी राही म्हणायची, "चकवा न्हाई, आमची पोर हाय ती."

"मग जा की. तूच दे ओ," पाणवठ्यावरच्या बाया टोमणा मारत.

असं बरंच चाललं. मग शेजारच्या घरची सून अडली. नवसूनं तोवर रान सोडलं होतं. अडलेल्या बाईच्या मुळीची जागा दुसऱ्या कोणाला माहीत असेल तर ती राहीला. ती पहाटे गेली, मुळी घेऊन उतरली, आणि वाटेत घळीपाशी बोलली. बोललेली मुळी तिनं सुनेच्या कमरेला बांधली. सुनेची सुटका झाली. पोरगी झाली, आणि दोघी जगल्या.

"म्हंजे मुळीला बोलण्याचं काही न्हवतंच, पोरी," बाबा म्हणाले. "कधीच न्हवतं."

वाडीत त्या दिवशी आनंद झाला. नवसूला मात्र बातमी कळली तसा तो भिंतीकडे तोंड करून बसला. बोललो असतो तरी लेक वाचली नसती, एवढाच आधार त्याला उरला होता, आणि तो बहिणीनं काढून घेतला होता. पुढे मरेपर्यंत त्यानं राहीच्या हातचं पाणी घेतलं नाही म्हणे. तिनंही कधी आग्रह केला नाही.

आजही या सोंडेवरून मुळी आणणारा हाक ऐकू येवो न येवो, ओ देत उतरतो. पलीकडची गावं हसतात, यांची मुळी गप्पिष्ट म्हणतात. वाडीतले लोक ऐकून घेतात. ओ का द्यायची हे ते लेकीसुनांना सांगतात, त्या सकाळी दारं कोणाकोणाची बंद होती ते मात्र सांगत नाहीत.

मी बाबांना विचारलं, राहीला भीती नाही वाटली?

वाटली तर, ते म्हणाले. हाक आली तेव्हा मुळी तिच्या मुठीत होती आणि खाली वाडीत सून तडफडत होती. मुळी फुकट जाऊन सून दगावली असती, तर वाडीनं राहीला जिती ठेवली नसती. आणि आजवर सगळ्यांनी सांगितलं तसा तो चकवाच असता तर? ती हाक मागे टाकून थोडी पुढेही गेली म्हणे. मागून पुन्हा आली, आता बारीक, दमलेली.

राही वळली. मुळी तिनं पदराच्या गाठीत बांधली, घळीच्या तोंडाशी येऊन ओल्या खडकावर बसली आणि खाली धुक्यात वाकली.

"ओ," ती म्हणाली. "ओ, ठके. मी आत्या. कुठं हाईस बाय?"