हन्नाचा दोर

फार वर्षांपूर्वी, आंबेडोह गावात मोटेनं पाणी निघत होतं आणि चर्चवर कौलांऐवजी गवत होतं, तेव्हाची ही गोष्ट. गावाच्या टोकाच्या घरात हन्ना नावाची बाई राहायची. घायपाताच्या पानांतला धागा, म्हणजे वाख काढायचा आणि त्याची चऱ्हाटं वळायची, हा तिच्या घरचा धंदा. सासरा ख्रिस्ती झाला, घरात बायबल आलं, धंदा मात्र तोच राहिला. कुणाला त्यात कमीपणा वाटला तर खुशाल वाटो. अख्ख्या गावाचं पाणी त्यांच्याच दोरांवर वर यायचं.

असं म्हणतात, हन्नानं वळलेल्या दोराला दोन्हीकडून बैल जुंपले तरी बैल दमायचे, दोर नाही. पण घात केला तो दोर तिचा नव्हता. तो तिच्या नवऱ्यानं, लहानूनं वळलेला.

घायपाताची पानं डोहात कुजत घालतात. पुरी कुजली की त्यांचं मांस आपोआप गळतं आणि धागा सुटतो. अर्धी कुजलेली ओरबाडली तर धागा दुखावतो, आणि ते वरून दिसत नाही. त्या उन्हाळ्यात गावविहिरीचा गाळ काढायची सगळ्यांना घाई. लहानूनं पानं लवकर उपसली, दोर वळला, आणि तोच दोर धरून त्याचा एकुलता एक मुलगा योना विहिरीत उतरला. तरणाताठा गडी. दर रविवारी चर्चची घंटा तोच वाजवायचा. अर्ध्यावर दोर तुटला. खाली पाणी नव्हतं, खडक होता.

हाडवैद्यानं पायांना कामट्या बांधल्या आणि सांगितलं, "जगेल. पण उठेल असं माझ्या तोंडून वदवून घेऊ नका."

शेजारची कोंडाबाई म्हणाली, "नावच योना ठेवलंस गं बाई. खोल जायचाच तो."

"गेला तसा वर येईल," हन्ना म्हणाली. "बायबलातल्या योनाला काठावर आणून सोडणारा मासा होता, ह्याला आई आहे."

चर्चचे पाळकसाहेब आले, बाजेशेजारी टेकले आणि हळूच म्हणाले, "देवाची इच्छा, हन्नाबाई."

"साहेब, दोर आम्ही वळला होता. आमचं कच्चं काम देवाच्या अंगावर ढकलू नका. पोरगा जिवंत वर आला, तेवढं त्याचं."

हे ऐकून लहानू उठून बाहेर गेला. तेव्हापासून तो चर्चची पायरी चढला नाही, वाखाला हात लावला नाही. हन्ना मात्र दोन्ही करत राहिली. मांडीवर वाख वळता वळता ती प्रार्थना करायची, आणि प्रार्थना कसली, भांडणच. सांगतात की तिचा आवाज चढला की डोहावरचे बगळे उडायचे.

वर्ष सरत आलं. ईस्टर, येशूच्या पुनरुत्थानाचा सण जवळ आला, तशी चर्चच्या मंडळीतल्या पुरुषांच्या अंगात श्रद्धा संचारली. बेथेस्दाच्या तळ्याकाठी येशूनं पांगळ्याला उठवलं, मग आपल्या विश्वासात काय कमी आहे? हन्ना डोहावर गेलेली बघून त्यांनी योनाला बाजेसकट चर्चात नेलं आणि गाणी म्हणत काखेत हात घालून उभं केलं. मग हात काढले.

योना कोसळला. भरत आलेलं हाड पुन्हा मोडलं.

हन्ना ओल्या हातांनी धावत आली. ती म्हणाली, "तुम्हीपण पानं लवकर उपसलीत. येशूनं त्या पांगळ्याला आधी विचारलं होतं, तुला बरं व्हायचंय का? माझ्या योनाला कुणी विचारलं?"

कुणीच नव्हतं विचारलं. आणि खरं सांगायचं तर तिनंही नव्हतं. ते तिला तिथंच, बोलता बोलता कळलं. ती खाली बसली. "योना, तुला काय पाहिजे रे?"

योना भिंतीकडं बघत म्हणाला, "माझी घंटा दुसरा वाजवतो, आई. ते ऐकवत नाही."

दुसऱ्याच दिवशी हन्नानं डोहात पानं टाकली, आणि ह्या वेळी ती पुरी कुजू दिली. गाव विचारून थकलं, ती हलली नाही. मग तिनं दोर वळायला घेतला, चर्चच्या घंटेपासून आपल्या घरातल्या बाजेपर्यंत पोचेल एवढा. वाख पुरेना, तेव्हा घराघरांतून मूठ मूठ वाख आला. कोंडाबाईनं तर आपल्या गाईचं दावं उसवून दिलं. असं म्हणतात, संध्याकाळी ठेवलेला दोर सकाळी हातभर लांब दिसायचा. शेवटी वाटेत रोवलेल्या लाकडी बेचक्यांवर टेकत टेकत, अंगणाअंगणातून तो योनाच्या हातात पोचला.

एवढा दोर ओढायचा म्हणजे काय खेळ? पहिल्या रविवारी तो फक्त थरथरला. मंडळी घंटेची वाट बघत बसली, आणि घंटेविनाच घरी गेली. पुढच्या रविवारीही तेच. पण उंबऱ्यात बसलेला लहानू आता दोरावर नजर ठेवायला लागला. संध्याकाळी बायकोला सांगायचा, "आज तिसऱ्या बेचक्यापर्यंत हलला." पावसाळ्यात योना दोर धरून उठून बसायला लागला. आणि सुगीत एका रविवारी घंटा वाजली. एकच टोला. लहानू अनवाणी धावत चर्चात गेला, आणि दाराशी उभा राहून लहान पोरासारखा रडला. त्याच आठवड्यात त्यानं पुन्हा वाख हातात घेतला.

त्यापुढच्या पुनरुत्थानाच्या सणाला घंटा थांबेचना. टण, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टण. लोक बाहेर आले. योना दोराला धरून वाटेनं येत होता. एकेक हात पुढं, आणि प्रत्येक हाताला एक टोला. मागं आई, पदर खोचून.

"कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली.

त्या दिवसाची घंटा नदीपलीकडच्या गावांनीही ऐकली असं म्हणतात, आणि चरणाऱ्या गुरांनी माना वर केल्या. योना जन्मभर लंगडत चालला, पण घंटा त्याचीच राहिली.

हन्ना जाऊन किती काळ लोटला कुणास ठाऊक. चर्चला कौलं आली, मग पत्रे आले, विजेची घंटाही आली होती, म्हाताऱ्यांनी ती परत पाठवली. आजही आंबेडोहात कुणी बाजेला खिळलं की, मग तो चर्चात जाणारा असो वा मारुतीला, घराघरांतून मूठ मूठ वाख निघतो आणि दोर त्याच्या घरी जातो. पण आधी एक म्हातारी बाजेशी बसते आणि विचारते, तुला काय पाहिजे? दोर नको म्हटलं तर नाही नेत. दुसरं काही मागितलं तर ते होतं.

दोर गेला असेल तर रविवारी त्या घरून टोला येईपर्यंत उपासना सुरू होत नाही. कधी टोला येतच नाही. तेव्हा लोक वाट बघत बसतात आणि उपासनेविनाच उठतात. वाटेत कुणी विचारलं, आजारी माणूस कसा आहे, तर आंबेडोहाचा माणूस बरा म्हणत नाही, वाईट म्हणत नाही. तो दोराकडं बघतो आणि म्हणतो, "हलतोय."