दादासाहेबांचा फेटा

तालुक्याच्या नेमबाजी मंडळाचे अध्यक्ष दादासाहेब इंगवले म्हणजे आपलंच खरं करणारा माणूस. बायकांसाठी त्यांनी नाजूक मुठीची पिस्तुलं आणली होती. पण सावित्रा थोरवतचे पंजे सुपासारखे. ते पिस्तूल धरलं की तिच्या करंगळीला जागा उरायची नाही, चापावरचं बोट पार पलीकडे जायचं, आणि नेम हुकायचा.

"दादासाहेब, कपाटातलं मोठ्या मुठीचं द्या की."

"ते पुरुषांचं. आणि हत्यार नसतं बदलायचं बाई, हाताला वळण लावायचं! उद्या निवडीत हुकलीस, तर जिल्ह्याचा संघ विसर."

दुसऱ्या दिवशी निवडीआधी पाहुण्यांसमोर दादासाहेबांचा सत्कार होता. फेटा घालायचा मान सावित्रानं मागून घेतला आणि बाजारातला तयार फेटा त्यांच्या डोक्यावर ठेवला. तो होता मुंजीच्या मुलाच्या मापाचा! दादासाहेब समई लावायला वाकले, फेटा घरंगळून पायाशी. पुन्हा घातला, पुन्हा पडला. बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

"अगं, लहान आहे हा! दुसरा आण!"

"फेटा नसतो बदलायचा, दादासाहेब," सावित्रा खणखणीत म्हणाली, "डोक्याला वळण लावायचं!"

सगळा मांडव हसला. दादासाहेब आधी लालबुंद झाले, मग त्यांनाही हसू आवरेना. त्यांनी खिशातून कपाटाची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. सावित्रानं पिशवीतून दुसरा फेटा काढला, तो बरोबर त्यांच्या मापाचा.

मग मोठी मूठ तिच्या पंजात निवांत बसली, आणि पहिलीच गोळी निशाणाच्या मधोमध लागली.