प्रभुदेसाई वकिलांची भारदस्त भाषा

दादासाहेब खोतांनी सगुणाबाईंच्या घराची वाट कुंपण घालून अडवली होती, आणि घरात सून दिवस भरलेली. सगुणाबाईंची वकील रेवती तांडेल हिनं साध्या मराठीत अर्ज केला. खोतांचे वकील प्रभुदेसाई भर कोर्टात हसले, "असा अर्ज शेंबडं पोरही लिहील! आमचं उत्तर बघा, भाषा कशी भारदस्त आहे!"

रेवती उठली आणि न्यायाधीशांना म्हणाली, "साहेब, ती भाषा मला कळली नाही. पण 'वाचून, समजून सही केली' असं दादासाहेबांनी खाली शपथेवर लिहिलंय. अर्थ त्यांनीच सांगावा."

न्यायाधीशांनी खोतांकडे पाहिलं. खोत आपल्या वकिलाकडे बघू लागले. "ते... वकीलसाहेबांनाच ठाऊक," ते पुटपुटले.

"मग तुमची शपथ खोटी आणि हे उत्तर बाद. आता माझा हुकूम सोप्या भाषेत ऐका," न्यायाधीश म्हणाले. "कुंपण आजच काढा."