निरगुडाने फोडलेला पेला

शिक्षण लवकर सुटल्यामुळे माझ्या शुद्धलेखनात चुका असतील, शब्दही साधेच आहेत. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

एका राज्यात प्रतर्दन नावाचा राजा होता. तो तहासाठी घाट चढून डोंगरातल्या लोकांकडे गेला. निरगुडा नावाची मांत्रिकीण त्यांची प्रमुख होती. तिने राजाला मातीच्या पेल्यात दूध दिले. राजा प्यायला, आणि निरगुडाने तो पेला त्याच्यासमोर दगडावर आपटून फोडला.

राजाच्या राज्यात प्यायलेला पेला एकाच कारणाने फोडत. पिणाऱ्याच्या ओठांनी तो बाटला म्हणून. राजा मुकाट्याने उठला, खाली उतरला आणि त्याने घाट बंद केला. डोंगरात मिठाचा खडा मिळेनासा झाला. तेव्हा निरगुडाने शाप दिला की राजाची मुलगी पायांपासून दगड होत जाईल.

राजकन्या वेत्रवतीची पावले दगड झाली, मग गुडघे, मग कंबर. दगड गळ्याशी आला तेव्हा तिचा भाऊ अरिंजय डोंगराकडे निघाला. दोन्हीकडची भाषा जाणणारा एक धनेश पक्षी त्याच्या खांद्यावर येऊन बसला.

"बोललेले सगळे सांगेन," धनेश म्हणाला, "चालीरीती मात्र मला विचारू नकोस. मी झाडावर राहतो."

निरगुडाने अरिंजयाला तीन कामे घातली. आधी वाघिणीचे दूध आणायचे होते. वाघीण गुरगुरली, पण तिने काढू दिले. मग तो काळ्या डोहात उतरला आणि तळाशी जळणारा निखारा घेऊन वर आला. त्या निखाऱ्यावर निरगुडाने ते दूध तापवले आणि पेला भरून त्याच्यापुढे धरला.

"हे पी आणि बसून राहा," ती म्हणाली. "तुझ्या बापाला एवढे जमले नाही."

अरिंजय प्यायला. निरगुडाने पेला घेतला आणि फोडला. अरिंजयाचा हात तलवारीवर गेला. पण बहिणीचा गळा त्याच्या डोळ्यांपुढे आला आणि तो बसून राहिला.

"आई," त्याने विचारले, "माझ्या ओठांनी पेला बाटला का?"

हे सांगता सांगता धनेश दमला. निरगुडाला काहीच उमगेना. उमगले तेव्हा ती खाली बसली.

"ज्या पेल्याने भाऊ प्यायला, त्याने परक्याने पिऊ नये, म्हणून आम्ही तो फोडतो. तुझा बाप माझा भाऊ झाला होता. भाऊ झाला आणि त्याने माझ्या लेकरांचे मीठ तोडले."

तिने पेल्याचे तुकडे गोळा केले. मग ती म्हणाली, "त्याने विचारले नाही. मीही विचारले नाही. आता शाप माझ्या एकटीने उतरत नाही. त्याने माझ्यासाठी एक पेला फोडायला हवा."

ती अरिंजयाबरोबर घाट उतरली. अरिंजयाने बापाला सारे सांगितले. भर दरबारात राजाने तिला मातीच्या पेल्यात दूध दिले. ती प्यायली. राजाने पेला उचलला आणि त्याचा हात वरच थांबला. आजवर त्याच्या राज्यात ज्यांचे पेले फोडले गेले, ते दाराबाहेर उभे राहून बघत होते.

"ताई, बस," राजा म्हणाला, आणि त्याने पेला फोडला.

आतल्या महालात वेत्रवती खोकली आणि तिने पाणी मागितले. त्याच संध्याकाळी घाट उघडला आणि मिठाचे बैल वर चढू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अरिंजय कुंभारवाड्यात गेला, आणि धोतर वर खोचून पेल्यांसाठी चिखल तुडवू लागला. पाहुणे पुष्कळ यायचे होते.