साखरचोर वेलीची परी

बकुळाच्या आईला हल्ली दहा पावलं चालली की थांबावं लागे. एका हाताने छाती धरायची, दुसऱ्या हाताने चाफ्याचं खोड धरायचं आणि हसून म्हणायचं, "जरा या चाफ्याशी बोलते गं." पण नऊ वर्षांच्या बकुळाला कळायचं, आई चाफ्याशी बोलत नाहीये. ती श्वास गोळा करतेय.

डोंगराच्या कुशीत औषधी झाडांची एक मोठी बाग होती. बागेच्या कडेला एक खोलीचं कौलारू घर, आणि त्यात बकुळा आणि तिची आई गौराबाई, अशा दोघीच. बाबा नव्हते. बागेला पाणी घालायचं काम आईचं. आई थकली तसं ते बकुळाने आपणहून उचललं. शाळेआधी ती अडुळशाला पाणी घाली, शतावरीला घाली, कोरफडीच्या काटेरी बाळांनाही घाली.

शहरातल्या डॉक्टरांनी आईला तपासून सांगितलं होतं, "गौराबाई, तुमच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. ती बदलावी लागेल. पण रक्तात साखर फार आहे. अशा साखरेत जखम लवकर भरत नाही. आधी साखर उतरवू, मग ऑपरेशन करू."

आई वेळेवर गोळ्या घेई, इंजेक्शन घेई. साखर चार दिवस उतरे आणि पुन्हा चढे. आणि ऑपरेशनचं नाव काढलं की आई कानांवर हात ठेवी. "माझं काळीज उघडणार म्हणे! नको गं बाई."

बागेच्या अगदी शेवटच्या कोपऱ्यात एक वेल होती. तिचं पान चावलं आणि वर गूळ खाल्ला, तर गूळ मातीसारखा बेचव लागायचा! म्हणून मुलांनी तिचं नाव ठेवलं होतं साखरचोर. या वेलीने रक्तातली साखरही कमी होते, असं गावातली म्हातारी माणसं म्हणत. ते खरं का, हे शोधायला बागेतल्या संशोधक वसुमतीताई सात वर्षं झटत होत्या. पांढऱ्या केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, पदराला माती लागलेली, डोळ्यांत मात्र चांदणं.

"म्हणतात म्हणून काही खरं होत नाही, बकुळे," त्या सांगत. "तपासावं लागतं. पुन्हा पुन्हा तपासावं लागतं."

पण वेल मोठी लहरी. एका प्रयोगात गुण यायचा, दुसऱ्यात मुळीच नाही. का, ते कुणालाच उमगत नव्हतं. त्यात या उन्हाळ्यात अकरा वेली वाळून गेल्या. बारावी तेवढी उरली, तीही मान टाकून बसली. हौदाचं पाणी तळाला गेलं होतं.

बकुळाला राहवेना. तिने काय केलं, तर ओल्या फडक्याने अंग पुसून घेतलं आणि आपल्या वाट्याचं आंघोळीचं पाणी वेलीला नेऊन घातलं. एक दिवस नाही, सलग नऊ दिवस.

दहाव्या दिवशी सूर्य डोंगराआडून नुकता डोकावत होता. वेलीला एक इवलीशी पिवळी कळी आलेली दिसली. ती टप्पकन उमलली आणि आत उभी होती एक अंगठ्याएवढी परी! तिचे पंख कापसाच्या म्हाताऱ्यांसारखे पांढरेशुभ्र, रेशमी. झगा कोवळ्या पानाचा, आणि केसांत दवाचे सात थेंब, प्रत्येकात एकेक रंग.

"किती दिवसांनी पोटभर पाणी प्याले," परी म्हणाली. तिचा आवाज पैंजणातल्या एका घुंगरासारखा होता. "बकुळा, तुझ्या तीन इच्छा मी पुऱ्या करीन. पण माझे नियम आहेत हं. माणसाच्या हातांना जे जमतं, ते मी करत नाही. आणि मी जे दाखवीन, ते खरं खरं सांगायचं. तुला आवडो, न आवडो. एकदा जरी खोटं झालं, तरी ही वेल कोमेजून जाईल."

"परीताई, माझ्या आईचं हृदय बरं कर!"

परीने हळूच मान हलवली. "ते डॉक्टरांच्या हातांना जमतं, राणी. किती माणसं किती वर्षं शिकली, चुकली, पुन्हा शिकली, तेव्हा ते जमलं. त्यांचं काम मी कशी हिरावून घेऊ?"

बकुळाचे डोळे भरले. मग तिने विचार केला. "मग मला दाखव तरी, आईच्या हृदयात काय मोडलंय."

परीने तिच्या पापण्यांवर पिवळा पराग शिंपडला. आणि काय आश्चर्य! बकुळा मोहरीएवढी झाली आणि एका लालचुटुक घरात जाऊन पोहोचली. घराला चार खोल्या, चार दारं. दारं कसली, नाजूक पाकळ्याच त्या! रक्ताची लाट आली की उघडायच्या, लाट गेली की मिटायच्या. लुब्-डुब्, लुब्-डुब्. किती देखणं चाललं होतं सगळं!

पण एका दाराच्या दोन पाकळ्या जाड झाल्या होत्या, आखडल्या होत्या. त्या मिटायच्या, पण त्यांच्या कडा एकमेकींना भेटतच नव्हत्या. पुढे गेलेलं रक्त फटीतून मागे सांडायचं, आणि हृदय बिचारं तेच रक्त पुन्हा ढकलायचं.

"एकच घागर दोनदा वाहतंय गं ते!" बकुळा कळवळून म्हणाली.

"लहानपणी तिला एक ताप आला होता, सांधे सुजवणारा," परी म्हणाली. "त्याचा हा व्रण."

बकुळाने डोळे चोळले, तर ती पुन्हा वेलीपाशी! ती धावत घरी आली. आईच्या मांडीवर डोकं ठेवून तिने सगळं सांगितलं. चार दारं सांगितली, पाकळ्या सांगितल्या, फट सांगितली. "आई, तुझं काळीज कुणी तोडणार नाहीये. एक दार मिटत नाही, तेवढंच नवं बसवायचंय. नाहीतर ते दमून जाईल गं."

आईने छातीवर हात ठेवून आतली धडधड चाचपली. मग बकुळाच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "दारच बसवायचं ना? मग बसवू या."

दुसऱ्या दिवशी बकुळाने दुसरी इच्छा मागितली. "या वेलीत गुण केव्हा असतो आणि केव्हा नसतो, ते मला कळू दे."

"तुला दिसेल," परी म्हणाली. "पण नीट बघत बसावं लागेल."

बकुळा वेलीसमोर दिवसभर बसली. पहाटे कोवळी पानं सोनेरी चमकली. ऊन चढलं तशी चमक विरत गेली. दुपारी नाही, संध्याकाळी नाही. जून पानं तर चमकलीच नाहीत. तिने वसुमतीताईंना ते जसंच्या तसं सांगितलं.

वसुमतीताई ना हसल्या, ना त्यांनी डोळे झाकून विश्वास ठेवला. "अस्सं? चल, तपासू या," एवढंच म्हणाल्या. त्यांनी वेलीच्या फांद्या लावून रोपं वाढवली. पहाटेची पानं एका बाटलीत, संध्याकाळची दुसऱ्या बाटलीत. कुठल्या बाटलीत काय, ते मोजणाऱ्यालाही ठाऊक नसे. महिने गेले. पहाटेच्या पानांचा गुण दर वेळी आला! डॉक्टरांची परवानगी मिळाली. मग वीस माणसं आपणहून पुढे आली. नेहमीची औषधं न सोडता, डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांनी पानांचा अर्क घेतला. त्यांत बकुळाची आईही होती.

रोज सकाळी बकुळा आईचं बोट टोचून यंत्रावर साखर बघे आणि वहीत आकडा लिही. आकडे उतरू लागले. डॉक्टर म्हणाले, "पंधरा दिवस साखर अशीच राहिली, की ऑपरेशनची तारीख देतो."

चौदा दिवस छान गेले. पंधराव्या दिवशी आकडा एकदम चढला.

बकुळाची पेन्सिल थांबली. आई काकुळतीने म्हणाली, "यंत्रच चुकलं असेल, बाळा. कालचाच आकडा लिही ना."

बकुळाने पुन्हा मोजलं. तोच आकडा. खोटं लिहिलं तर तारीख मिळणार होती, आणि कुणाला कळणारही नव्हतं. तिच्या गालांवरून आसवं ओघळली, वहीच्या पानावर पडली. पण त्या ओल्या पानावर तिने खरा आकडा लिहिला.

तारीख मिळाली नाही. पण वही बघून वसुमतीताई विचारात पडल्या. "एकोणीस जणांची साखर खाली आहे. मग गौराबाईंचीच का चढली? कुठे जखम तर चिघळली नाही? तशानेही साखर चढते." त्या घरी आल्या. त्यांनी आईचे हात पाहिले, तोंड पाहिलं, पाय पाहिले. डाव्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. भोवती जखम चिघळली होती.

"दुखलंच नाही हो मला!" आई चकित होऊन म्हणाली.

"फार दिवसांच्या साखरेने पाय बधिर होतात," वसुमतीताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी काटा काढला, औषध दिलं. जखम पाहून ते गंभीर झाले. "तसंच ऑपरेशन केलं असतं आणि या जखमेतले जंतू नव्या झडपेवर जाऊन बसले असते, तर मला काही करता आलं नसतं." मग वही हातात घेऊन ते बकुळाकडे वळले. "मुली, या एका आकड्याने तुझी आई वाचली."

जखम भरली, साखर उतरली, आणि मार्गशीर्षात ऑपरेशन झालं. बकुळाने आईच्या छातीजवळ कान नेला. आत नवं दार बोलत होतं, टिक्, टिक्, टिक्, एखाद्या पिटुकल्या घड्याळासारखं. डॉक्टरांनी सांगितलं की रक्त पातळ ठेवायची गोळी आता रोज घ्यायची. आईने ती गोळी देवघराशेजारच्या डबीत ठेवली आणि एक दिवससुद्धा चुकवली नाही.

काही महिन्यांनी आई बकुळाचा हात धरून बागेच्या उतारावर चढली. एकदाही न थांबता! कोपऱ्यात वेलीला हिरव्या शेंगा लगडल्या होत्या, आणि त्यांच्यावर परी झोके घेत होती.

"तिसरी इच्छा राहिली की," ती म्हणाली. "नवा फ्रॉक माग. चांदीचे पैंजण माग. आता फक्त स्वतःसाठी माग."

बकुळा जराशी लाजली. फ्रॉक तिला खरंच आवडला असता. पण तिला दवाखान्यातला लांबलचक बाक आठवला, त्यावर छाती धरून, हातात कागद धरून बसलेली सगळी माणसं आठवली.

"परीताई, पाणी आम्ही घालू. रोपं वसुमतीताई जपतील. पण आमचे हात फार लांब पोहोचत नाहीत गं. या वेलीच्या बियांना पंख देशील?"

परीच्या डोळ्यांत दवाचे थेंब आले. "माझ्याकडे पंखांची एकच जोडी आहे," ती म्हणाली, "पण त्यांच्यासाठी याहून चांगलं काम मला कुठे मिळणार?"

तिने टाळी वाजवली. शेंगा एकदम तडकल्या. प्रत्येक बीला पांढराशुभ्र रेशमी झुबका फुटला आणि हजारो बिया वाऱ्यावर तरंगू लागल्या. मधोमध एक सोनेरी उजेड फुलला, मोठा झाला, आणि त्या उजेडात परी हसत हसत विरघळून गेली.

बिया डोंगरापलीकडच्या गावांकडे निघाल्या. आईने पदर खोचला. "चल बकुळे, कुठवर जातात बघू!" असं म्हणून ती पुढे धावली, आणि बकुळाला तिच्यामागे पळताना धाप लागली.