अनसाईच्या मापाचा बांध

खडकओहोळला आलेला पाहुणा आधी आमचे बांध बघतो आणि मग आम्हाला वेड्यात काढतो. सगळ्या मुलखात बांध म्हणजे एक माणूस जपून चालेल एवढी मातीची रेघ. आमच्या बांधावरून बैलगाडी जाते. त्यावर शेवगा आहे, हादगा आहे, बोरी आहेत, कडेकडेने अंबाडी आणि घेवडा असतो. आणि हे सगळं पीक घरातल्या बायांचं. कर्त्या पुरुषाला शेवग्याची शेंग खावीशी वाटली तर त्याने बायकोला विचारायचं, आणि ती नाही म्हणाली तर मुकाट्याने पिठलं ओरपायचं. एवढी सोन्यासारखी जमीन बांधात घालवता, तुम्हाला काही कळतं की नाही, असं पाहुणे विचारतात. कळतं. पण बांध केवढा असावा हे आमच्या आधी एका म्हातारीने ठरवलं, आणि ते बदलायची छाती आजवर कुणाला झालेली नाही.

तिचं नाव अनसाई. फार जुनी गोष्ट आहे, असे सांगतात. तेव्हा इथे गाव नव्हतं, नुसता दगडांचा माळ आणि खालून वाहणारा ओहोळ. डोंगरापलीकडच्या काळ्या रानाच्या मुलखातून अनसाई आणि तिचा नवरा सुभाना इथे आले ते एक शेळी, एक जातं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी. मागाहून आलेले लोक विचारायचे, की तिकडची काळी जमीन सोडून या खडकात का आलात? सुभाना म्हणायचा, पोटासाठी. उत्तर कुणालाच पटायचं नाही, पण त्याचं तोंड बघून पुढे विचारायचा धीर होत नसे.

खरं काय ते एकट्या अनसाईला ठाऊक होतं. सुभानाला एक सख्खा थोरला भाऊ होता. दोघांच्या रानामध्ये बांध होता, आणि त्या बांधावरून एका सकाळी शब्दाला शब्द लागला. सुभानाच्या हातात कुदळ होती. राग ओसरला तेव्हा भाऊ उताणा पडला होता आणि पुन्हा उठला नाही. त्याच रात्री नवरा-बायको मुलूख सोडून निघाले. पुढे सुभानाने जन्मभर दुसरं काही केलं नाही, फक्त दगड वेचले. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत टोपल्या भरभरून तो दगड कडेला टाकायचा. शिक्षा भोगणाऱ्या माणसासारखा राबायचा बिचारा, आणि त्यातूनच इथलं पहिलं रान तयार झालं.

त्यांना दोन मुलगे झाले. थोरला हैबती, धाकटा लिंबा. लिंबा पाळण्यात होता तेव्हा सुभाना तापाने गेला. जाण्याआधी त्याने बायकोच्या हातावर बेल-भंडारा ठेवला आणि शपथ घ्यायला लावली, की मी भावाला मारलं हे पोरांना कधी सांगू नकोस, त्यांना बाप चांगला होता एवढंच राहू दे. अनसाईने शपथ घेतली. बेल-भंडारा उचलून घेतलेली शपथ मोडली तर मेलेल्याला गती मिळत नाही, अशी तेव्हाच्या लोकांची समजूत होती आणि अनसाईचीही होती.

मग तिने पोटाला चिमटा घेऊन पोरं वाढवली. उरलेले दगड तिनेच वेचले. टोपल्या वाहून वाहून तिच्या पाठीला बाक आला तो कायमचा. उभी राहिली तरी ती जमिनीवर सांडलेलं काही शोधते आहे असं वाटायचं. पण बाई हसरी होती. मुलांची लग्नं झाली, घरात सुना आल्या, नातवंडं झाली, आणि हिच्या ओच्यात भाजलेले हुलगे आहेत हे कळल्यापासून ती नातवंडं तिच्या मागून हटायची नाहीत. रानाच्या कडेला जिथे नांगर पोचत नाही तिथे ती भोपळ्याची बी टोचायची आणि पोरांना सांगायची की पाणी घालाल तर खाल. त्या माणसांनी भरलेल्या घराकडे बघून तिला वाटे, देवाने आपलं सगळं फेडलं.

पण घरोघरी मातीच्या चुली. दोघे भाऊ वाटणीवर आले. अनसाईने अडवून बघितलं, मग गप्प बसली. मागाहून गावात येऊन वसलेल्या चार शहाण्यांनी पंच म्हणून वाटणी केली. वरचं रान हैबतीला, ओहोळाकडचं लिंबाला, मध्ये ऐसपैस बांध. भांडी वाटली, गुरं वाटली, आणि शेवटी आईही वाटली. सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे. पंचांनी रीत म्हणून विचारलं, म्हातारे, तुला काय हवं? ती म्हणाली, मला काही नको, माझी नातवंडं दोन्हीकडे आहेत.

पुढे जे झालं ते कुठल्याही गावात होतं. पेरणीआधी नांगरताना हैबतीने बांधाच्या कडेला नांगराचं एक तास, म्हणजे एक रेघ, जास्त मारलं. लिंबाच्या ते लक्षात आलं, त्याने आपल्या बाजूने एक मारलं. बांध कोरायला सुरुवात कुणी केली हे विचाराल तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवायचे. दर वर्षी बांध दोन्हीकडून झिजत गेला. अनसाई त्याच बांधावरून या घरून त्या घरी जायची, म्हणून तो किती उरला हे तिच्या पायांना सगळ्यांच्या आधी कळायचं. पहिल्यांदा दोन नातवंडांची बोटं धरून ती त्यावरून चालायची. मग एकाचंच धरून चालता यायला लागलं. एके वर्षी भाकरीची दुरडी डोक्यावर घेऊन जाताना तिचा पाय घसरला आणि ती हैबतीच्या तुरीत पडली. सुनांनी धावत येऊन उचललं. दोन्ही सुना रडल्या, पण दोघींचे नवरे एकमेकांशी बोलत नव्हते, आणि आता तर दोघांनीही नांगराला जाताना कुऱ्हाड बरोबर न्यायला सुरुवात केली होती.

त्या कुऱ्हाडी बघितल्यापासून अनसाईला घास गिळेनासा झाला. सांगावं तर नवऱ्याला दिलेली शपथ मोडते, त्याचा जीव कुठे भटकेल देव जाणे. आणि पोरं बापाला देव मानत होती, त्यांच्यापुढे त्याला खुनी कसं म्हणायचं? न सांगावं तर काय होणार ते तिने एकदा डोळ्यांनी बघितलं होतं. इकडे आड तिकडे विहीर. आषाढाच्या तोंडावर तिने दोघांना वेगवेगळं समजावून बघितलं. हैबती म्हणाला, त्याला सांग. लिंबा म्हणाला, त्याला सांग.

मग ती सकाळ आली. म्हणे दोन्ही भाऊ एकाच वेळी आपापल्या बाजूने औत घेऊन निघाले, आणि उरलेला दोरीएवढा बांध आज कोण आधी मोडतो हे बघायला निम्मं गाव जमलं. सोडवायला कुणी पुढे झालं नाही. तेवढ्यात माणसांतून वाट काढत अनसाई आली, आणि बांधाच्या ऐन मधोमध आडवी झाली. डोकं लिंबाच्या रानात, पाय हैबतीच्या रानात, आणि पाठीखाली तो उरलेला बांध.

बैल थांबले. बैलांना तिनेच वासरं असताना पेंड चारलेली, ते कसले पुढे जातात. हैबतीने कासरा ओढून धरला.

"आये, ऊठ. फाळ लागंल."

"लागू दे. मी उठत न्हाई," अनसाई म्हणाली. "आधी दोघंबी ऐका. तुमच्या बापाला सख्खा भाऊ व्हता. थोरला. असाच बांध व्हता, अशीच सकाळ व्हती. तुमच्या बापानं कुदळ घातली त्याच्या डोक्यात."

तिने मान वळवून थोरल्या मुलाकडे बघितलं.

"त्या भावाचं नाव हैबती व्हतं. तुझं नाव त्याचंच हाय. तुला हाक मारताना तुझ्या बापाचा गळा दाटायचा, तुला वाटायचं लाडानं दाटतुया."

हैबती तिथेच मटकन खाली बसला. लिंबाने हातातली कुऱ्हाड कुठे टाकू हे न कळून शेवटी मागे उभ्या असलेल्या बायकोच्या हातात दिली. अनसाई पडूनच होती. आभाळाकडे बघत तिने उरलेलं सांगितलं. जमीन गेली, भाऊ गेला, मुलूख गेला, आणि हा माणूस मरेपर्यंत दगड वेचत राहिला. मग म्हणाली:

"वाटणीच्या दिशी पंचांनी इचारलं, तुला काय पायजे. तवा म्या मागितलं न्हाई. आता मागते. ही मी आडवी पडलीया, एवढी रुंद जागा माझी. या टोकापास्नं त्या टोकापतूर. हितं तुमचं कुणाचं औत यायचं न्हाई."

पंचांपैकी एकजण म्हणाला, की म्हातारीला बांध द्यायची रीत नाही. त्याच्याच बायकोने त्याला गप्प बसवलं, असे सांगतात.

मग माप सुरू झालं. अनसाई बांधाच्या एका टोकाला गेली, आडवी पडली, आणि मुलांनी तिच्या डोक्याशी आणि पायाशी एकेक दगड ठेवला. दोघांनी दोन दंड धरून तिला उठवलं. चार पावलं पुढे जाऊन ती पुन्हा आडवी पडली. या खेपेला तिने बाजू बदलली. अन्न देणाऱ्या रानाला पाय लावायचे तर दोन्ही रानांना सारखे लावावेत, एकाच लेकराच्या रानाला का, असं तिचं म्हणणं. थोड्या वेळाने सुनांनी घोंगडी आणली आणि ती पुढे पुढे अंथरत नेली. नातवंडांना हा खेळ वाटला, तीही आजीच्या शेजारी आडवी पडू लागली. लोक आधी रडत होते ते हसायला लागले. माप दुपार उलटेपर्यंत चाललं होतं. म्हातारीचं अंग ठेचून निघालं असणार, पण तिने हूं की चूं केलं नाही.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. ओहोळाकडचा तो पहिला बांध अजून आहे, तुम्ही मोजून बघा. कुठलीही बाई एवढी लांब नसते. आणि अनसाई तर ठेंगणी होती, वर पाठीला बाक. जुनी माणसं म्हणतात, त्या दिवशी भुईला पाठ लागताच तिचा बाक गेला आणि ती लांब लांब होत गेली. ज्यांना चमत्कार हवा त्यांनी तेवढं घ्यावं. पण आमच्या घराण्यातल्या बाया वेगळं सांगतात. त्या म्हणतात, पडल्या पडल्या अनसाईने हात डोक्याच्या वर नेऊन दगड चाचपला. तो हाताला लागला नाही. तिने पाय ताणले, तळव्यांनाही दगड लागला नाही. हैबती आपला दगड आपल्याच रानात हातभर मागे सरकवून ठेवत होता, आणि लिंबाही तेच करत होता. एकमेकांना न सांगता. अनसाईने डोळे मिटून घेतले आणि मुलांना काही कळू दिलं नाही.

त्या दिवशी कलत्या उन्हात ती एकटी ओहोळावर गेली. इतकी वर्षं जपून ठेवलेला तो बेल-भंडारा पाण्यात सोडला आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमची आण मोडली. दोघंबी जित्ती हायेत." पुढे ती कुणाच्या वाटणीत राहिली नाही. बांधावरच दोन्ही मुलांनी मिळून तिला खोपट घालून दिलं. तिथे ती आणि सुना पेरतील ते पीक त्यांचं, आणि ते खायला नातवंडं दोन्हीकडून यायची.

आजही खडकओहोळात भाऊ वेगळे झाले की घरातली सगळ्यात थोरली बाई शिवेवर आडवी पडते. सुना घोंगडी अंथरतात, भाऊ दगड ठेवतात. कधी कधी हे भाऊ वर्ष वर्ष बोललेले नसतात, तरी दगड ठेवायला यावंच लागतं. पंच तोंड फिरवून उभे राहतात, कारण कुणी किती सोडलं हे बघायचं नसतं. मग म्हातारी डोळे मिटते, हात वर नेऊन चाचपते आणि पाय ताणते. दगड लागला, तर ती उठून बसते आणि म्हणते, "अजून वाटणी झाली न्हाई." सगळे घरी जातात. वर्षाने पुन्हा बोलावतात, आणि म्हातारी पुन्हा येऊन आडवी पडते.